पऱ्हाटीतला मजूर : श्रमाचा इतिहास आणि मराठी वाङ्मयाची वर्गवारी

१

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले आणि उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. या घटनेची चर्चा प्रामुख्याने आविष्कारस्वातंत्र्याच्या अंगाने झाली, आणि ती तशी होणे रास्तच होते. परंतु या घटनेला आणखी एक अंग आहे आणि ते वाङ्मयीन वर्गवारीशी निगडित आहे. येडे यांची ओळख महाराष्ट्राला झाली ती 'शेतकऱ्याची विधवा' या नामाने. या नामात पती आहे, त्याचा व्यवसाय आहे, त्याचा मृत्यू आहे. त्या स्त्रीचे स्वतःचे काम मात्र त्यात नाही. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित 'तेरवं' या नाटकात येडे यांनी भूमिका केली होती, म्हणजे व्यासपीठ त्यांना अपरिचित नव्हते. तरीही संमेलनाने त्यांच्याकडे पाहिले ते एका दुःखाची प्रतिनिधी म्हणून. कापसाच्या प्रदेशात निंदण आणि वेचणी ही कामे मुख्यत्वे स्त्रिया करतात. ती करणारी स्त्री साहित्याच्या परिभाषेत 'कामगार' ठरत नाही, आणि तसे ठरत नाही याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

आश्चर्य न वाटण्याचे कारण मराठी समीक्षेच्या सवयींत शोधावे लागते. मराठीत 'कामगार साहित्य' म्हटले की गिरणगाव डोळ्यांपुढे येते: भोंगा, चाळ, लाल बावटा, संप. 'ग्रामीण साहित्य' म्हटले की शेत, बैल, पाऊस आणि शेतकरी येतो. या दोन संज्ञांच्या मधल्या जागेत यवतमाळचा सालदार, रोजंदार, फवारणी करणारा, जिनातला हंगामी मजूर आणि बाजार समितीतला हमाल उभा आहे. तो शहरी नाही म्हणून कामगार नाही आणि जमिनीचा धनी नाही म्हणून शेतकरीही नाही. साहित्याची वर्गवारी ही ग्रंथपालाची सोय असती तर या पेचाची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण नामे वाङ्मयातून व्यवहारात जातात, आणि व्यवहारात त्यांची किंमत पैशांत व प्राणांत मोजली जाते. श्रमाच्या इतिहासाकडे या नामांच्या बाजूने पाहिले तर त्यातून आजच्या श्रमिकाच्या उपयोगी पडेल असे काही हाती लागते काय, हा येथला प्रश्न आहे.

२

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील ग्राम आणि नगर यांचे द्वंद्व तपासताना असे दाखवले की ही दोन जगे वेगळी वाटतात ती त्यांना जोडणारा उत्पादनसंबंध नजरेआड केला जातो म्हणून. मराठी साहित्याच्या संदर्भात या विधानाचा पडताळा घ्यायला कापसाइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळाचा एकत्र अभ्यास केला. स्वेन बेकर्ट यांच्या 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४) या ग्रंथातही जागतिक कापूस-व्यवस्थेच्या नकाशावर वऱ्हाड ठळकपणे येतो. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा सरकारदप्तरी 'वणी जिल्हा' होता. १९०५ मध्ये त्याचे नाव बदलले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या त्याच काळात मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे आली. 'शकुंतला' या लाडक्या नावाने ती पुढे ओळखली गेली आणि तिच्यावर हळवे लेखनही पुष्कळ झाले. पण ती रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली बांधली गेली ती प्रवाशांच्या कौतुकासाठी नव्हे, तर यवतमाळचा कापूस मुख्य मार्गावर आणि तेथून मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी. आता त्या रुळांवरून गाडी धावत नाही.

या मार्गावर श्रमाची साखळी अखंड आहे. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी. मग गाडीत भरणे, जिनात रुई आणि सरकी वेगळी करणे, प्रेसमध्ये गठाण बांधणे, ती पाठीवरून वाहणे. मग नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (१८७७) किंवा परळ-लालबागच्या गिरणीत तिचे सूत आणि कापड होणे. वेचणी करणाऱ्या बाईचा मोबदला वजनावर, सालदाराचा वर्षाच्या बोलीवर, जिनातल्या मजुराचा हंगामावर आणि गिरणी कामगाराचा महिन्यावर. मोबदल्याच्या या चार पद्धती एकाच वस्तूच्या चार अवस्थांना चिकटलेल्या आहेत. साहित्यात मात्र या साखळीचा शेवटचा दुवा कामगारकवितेत गेला, पहिला दुवा ग्रामीण कादंबरीत गेला आणि मधले दुवे बहुतांशी कोठेच गेले नाहीत.

हे विभाजन केवळ वाङ्मयीन नव्हते. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा ज्या कारखान्यांना लागू होता त्यांच्या व्याख्येत शंभर मजूर आणि वर्षातून किमान चार महिने काम या अटी होत्या. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनांची मोठी संख्या त्यामुळे व्याख्येबाहेर राहिली. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११च्या कायद्याने. पुढे १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याचा रोख कापसातील भेसळ रोखण्यावर आणि गठाणीवर प्रेसची खूण व क्रमांक घालण्यावर होता. गठाणीची ओळख राज्यसंस्थेला मजुराच्या ओळखीपेक्षा निकडीची वाटली, ही गोष्ट कायद्याच्या इतिहासात तपशील म्हणून जाईल. साहित्याच्या अभ्यासकाला ती अधिक काही सांगते. कोणाला नाव द्यायचे आणि कोणाला हंगामात विरघळू द्यायचे याची निवड कादंबरीकाराच्या आधी शासनाने केली होती.

३

मराठीतील श्रमविचाराची सुरुवात मात्र अशी दुभंगलेली नव्हती. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांच्या मागण्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. लोखंडे सत्यशोधक होते, 'दीनबंधु'चे संपादक होते. शेतात नागवला गेलेला कुणबी आणि गिरणीत चौदा-चौदा तास उभा राहणारा मजूर यांच्यात त्यांना नातेच दिसत होते, कारण पुष्कळदा तो एकच माणूस होता. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती या एकत्रित दृष्टीच्या पायावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाचे नावच 'स्वतंत्र मजूर पक्ष' होते. जानेवारी १९३८ मध्ये या पक्षाने खोतीविरोधी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांसह कामगारांचा संप घडवला. 'मजूर' या शब्दाच्या पोटात तेव्हा खोताचे कूळ आणि गिरणीतला विणकर दोघेही मावत होते. आंबेडकरांनी त्या शब्दाला आणखी एक कसोटी लावली होती. १९२८च्या संपाच्या वेळी विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश का नाही हा प्रश्न त्यांनी विचारला. तुटलेला धागा धोट्यात ओढून घेताना तोंड लावावे लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. जास्त मजुरीचे खाते असे जातीच्या जोरावर राखून ठेवलेले होते. वर्ग ही आयती सापडणारी वस्तू नाही, हा धडा मराठी श्रमेतिहासाने इतक्या लवकर दिला होता. ई. पी. टॉमसन यांनी इंग्लिश कामगारवर्गाच्या 'घडण्या'चा इतिहास १९६३ मध्ये लिहिला आणि दीपेश चक्रवर्ती यांनी १९८९ मध्ये बंगालच्या ताग कामगारांच्या संदर्भात टॉमसनच्या गृहीतकांची तपासणी केली. मराठी अभ्यासकाला या ग्रंथांकडे जाताना विणखात्याचे उदाहरण घरातूनच बरोबर नेता येते.

मग दुभंग आला कोठून? साहित्याच्या क्षेत्रात त्याची एक प्रक्रिया दिसते. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीने गिरणीचे जग मराठी कथनात आणले. लालजी पेंडसे यांच्या 'साहित्य आणि समाजजीवन' (१९३५) या ग्रंथाने साहित्याच्या वर्गीय आकलनाची मागणी पुढे ठेवली. अण्णा भाऊ साठे यांच्यापाशी गाव आणि गिरणगाव तुटलेले नाहीत. वाटेगावहून मुंबईला आलेल्या या लेखकाच्या लेखनात 'फकिरा' (१९५९) आणि मुंबईवरच्या लावण्या-छकडी एकाच अनुभवाच्या दोन टोकांसारख्या येतात. नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांनी कामगारकवितेला काव्य म्हणून प्रतिष्ठा दिली. या यशाचाच एक अनपेक्षित परिणाम झाला: कामगार म्हणजे शहरातला, युनियनचा सभासद असलेला, मुख्यतः पुरुष, असे चित्र स्थिरावले. सत्तरच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा तिने नागर साहित्याला दिलेले आव्हान आवश्यक होते. परंतु त्या आव्हानात 'गाव' हा एकवचनी झाला. धनी आणि गडी, सावकाराचा कर्जदार आणि कर्जदाराचा सालदार, हे सारे 'ग्रामीण' या एका विशेषणाखाली आले.

देशीवादाने संस्कृतीच्या मुळांचा आग्रह धरला. त्याने मराठी कादंबरीला भान दिले हे नाकारता येणार नाही. पण भूमीशी नाते जमिनीच्या मालकीतून येते की त्या भूमीवर केलेल्या मजुरीतून, हा फरक करण्याची साधने त्या विचारव्यूहात अपुरी पडतात. शरद पाटील यांनी 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) मध्ये जात आणि वर्ग यांचा एकत्र विचार साहित्यमीमांसेत आणण्याचा प्रयत्न केला; त्या दिशेने प्रत्यक्ष कलाकृतींचे वाचन मात्र फारसे पुढे गेले नाही.

४

हे वाचन कसे असू शकेल याची दोन उदाहरणे पाहता येतील. पहिले यवतमाळच्या शेजारचे आहे. अमरावती परिसरातील उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी वऱ्हाडी बोलीच्या समर्थ वापरासाठी आणि कौतिकच्या व्यक्तिरेखेसाठी वाखाणली जाते. समीक्षेने कौतिककडे सोशिक आणि जिद्दी स्त्री म्हणून पाहिले आहे, आणि कादंबरीचे वर्गीकरण ग्रामीण किंवा प्रादेशिक असे केले आहे. परंतु कौतिकचे घर शेतकऱ्याचे नाही. तो शिंप्याचा संसार आहे. गावगाड्यातला कारागीर हळूहळू मोलमजुरीवर येतो, आणि त्या घसरणीचा भार घरातली स्त्री आपल्या अंगावर घेते, ही या कादंबरीची अंतर्गत गती आहे. वसाहतकाळापासून भारतीय कारागिराचे जे मजुरीकरण झाले त्याचा एक कौटुंबिक इतिहास म्हणून 'धग' वाचली तर कौतिकची झुंज केवळ दैवाशी राहत नाही. तिच्या शब्दांतली धार, हिशेब आणि उपरोध या गोष्टी मोलाने काम करणाऱ्या माणसाच्या भाषेच्या खुणा म्हणून दिसू लागतात. बोलीचे कौतुक करताना बोली कोणत्या व्यवहारात धारदार झाली हे विसरले जाते, तसे या कादंबरीबाबत झाले आहे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरकडच्या मातीतले आहे. पण त्यातला पेच यवतमाळच्या कोणत्याही सालदाराला ओळखीचा वाटेल. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीचा निवेदक नारबा हा शेताचा मालक नाही, गडी आहे. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे एकेक करून जातात आणि नारबाचे जग रिते होते. निसर्ग आणि यंत्र, माणूस आणि जनावर यांच्या नात्याची कादंबरी म्हणून तिचे मोल मान्य झाले आहे. पण नारबाचे त्या बैलांशी असलेले नाते मालकीचे नाही, कामाचे आहे. ज्या बैलांवर त्याचा कायदेशीर हक्क नाही त्यांच्याशी त्याने श्रमातून जोडलेले नाते एका व्यवहाराने तुटते. त्याला ना पूर्वसूचना मिळते ना भरपाई. गिरणीत नवे यंत्र आले की किती माणसे कमी होणार यावर संप होत असत. मळ्यात ट्रॅक्टर आला तेव्हा कमी झालेल्या माणसाचे दुःख निसर्गप्रेमाच्या खात्यावर जमा झाले. 'गोतावळा' ही यांत्रिकीकरणाने बेकार केलेल्या मजुराची मराठीतील महत्त्वाची कादंबरी आहे, असे म्हणायला संहितेतच आधार आहे. तसे म्हणण्याची सवय समीक्षेला नाही.

या वाचनावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कलाकृतीवर वर्गाची चौकट लादली तर तिची व्यामिश्रता हरवते, असे म्हटले जाईल. यांत्रिक मार्क्सवादी समीक्षेबाबत हा आक्षेप बहुधा खरा ठरला आहे. पण 'ग्रामीण' हीदेखील चौकटच आहे, आणि ती लादलेली आहे हे जाणवत नाही इतकी ती अंगवळणी पडली आहे. नारबाला गडी म्हणून वाचल्याने त्याचे जनावरांवरचे प्रेम कमी होत नाही. ते प्रेम किती असुरक्षित पायावर उभे होते हे कळल्याने कादंबरीचा शोक अधिक खोल होतो.

याच्या उलट्या बाजूने सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीकडे पाहता येईल. शिकून बेकार राहिलेला एकनाथ आणि कर्जात रुतत जाणारे त्याचे घर यांतून विदर्भातील शेतीच्या अरिष्टाचे जे चित्र उभे राहते ते मराठीत दुर्मीळ आहे. तेथे कथनाचे केंद्र जमीनधारक कुटुंब आहे, आणि ते तसे असणे हा लेखकाचा हक्क आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा समीक्षा अशा कादंबरीला साऱ्या गावाचे दुःख म्हणून स्वीकारते आणि ज्याच्याकडे गहाण टाकायलाही जमीन नाही त्याचे दुःख तिच्यात आपोआप सामावले असे मानते.

५

नामांची किंमत प्राणांत मोजली जाते असे आरंभी म्हटले, त्याचा तपशील आता देता येईल.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व मुलांसह वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर येथे जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत ही घटना आरंभबिंदू मानली जाते. तेव्हापासून यवतमाळ हे नाव या विषयाला जणू प्रतिशब्द झाले. शासनाने मदतीचे निकष ठरवले तेव्हा मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर जमीन आणि डोक्यावर मान्यताप्राप्त कर्ज अशा कसोट्या आल्या. प्रकरणे 'पात्र' आणि 'अपात्र' अशा दोन रकान्यांत विभागली गेली. जमीन नावावर नसलेला मजूर, दुसऱ्याचे शेत ठोक्याने करणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री यांचे मरण 'शेतकरी' या नामात बसेना. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर यांच्या आत्महत्या वेगळ्या नोंदवायला सुरुवात केली. या वेगळ्या नोंदीमुळे शेतकऱ्यांचा आकडा कमी दिसतो अशी टीका झाली, आणि ती गैर नव्हती. पण त्याच नोंदीने दुसरी गोष्टही उघड केली: शेतात राबून मरणाऱ्यांत मजूर असतात, आणि तोवर त्यांना मोजण्यासाठी निराळा रकानाच नव्हता. २०११च्या जनगणनेत देशात शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर अधिक नोंदले गेले होते, आणि यवतमाळ जिल्ह्यातही तीच स्थिती होती. बहुसंख्य ज्या नामात आहेत ते नाम जिल्ह्याच्या सार्वजनिक प्रतिमेत जवळजवळ नाही.

२०१७च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळमध्ये कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी अंगापेक्षा उंच वाढली होती, बोंडअळीचा जोर होता, मिश्रणे जहाल होती. मृतांत स्वतःच्या शेतात फवारणारे होते, तसे रोजाने पाठीवर पंप घेणारेही होते. पुढे जी चर्चा झाली ती बियाण्याची, औषधाची, विक्रेत्याची आणि फवारणाऱ्याने हातमोजे-मुखवटा का घातला नाही याची. कारखान्यात वायुगळती होऊन माणसे मेली असती तर पहिला शब्द 'औद्योगिक अपघात' हा आला असता. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतीतील कीटकनाशक फवारणीचा समावेश झालेला होता. म्हणजे रोजाने फवारणारा माणूस त्या कायद्याच्या भाषेत कामगारच होता. तरीही त्याच्या घरी गेली ती 'मदत'. 'मदत' आणि 'भरपाई' या दोन शब्दांतले अंतर श्रमिकांच्या चळवळीने शतकभर झगडून कापले होते. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भरपाई घेणाऱ्याच्या हक्कावर. यवतमाळच्या शेतात ते अंतर पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. भरपाई द्यायची कोणी? कायद्याने ती मालकावर येते. आणि येथला मालक पुष्कळदा चार-पाच एकरांचा, स्वतःच कर्जात बुडालेला शेतकरी असतो. शेतकरी चळवळीने शेतमालाला भाव मिळाला की मजुरीही वाढेल अशी मांडणी केली, तिचे बळ या वस्तुस्थितीत होते. पण भाव चढल्याच्या वर्षी मजुरी आपोआप चढते असे मानण्याला इतिहासाचा आधार कमी आहे, आणि अपघाताच्या भरपाईचा प्रश्न तर भावाने सुटतच नाही. मजूर आणि लहान शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे न करता मजुराचा हक्क कसा सांगायचा, हा या प्रदेशाचा प्रश्न आहे.

श्रमाच्या इतिहासातून या प्रश्नाला मिळणारे उत्तर संपाच्या मोठ्या आठवणींत सापडत नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप मोडला त्याची कारणे अनेक आहेत. त्यांत दोन कारणे येथे महत्त्वाची आहेत. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने (१९४६) प्रतिनिधित्वाचे नाव दुसऱ्याच संघटनेला दिले होते. आणि गिरण्या बंद असताना कापड यंत्रमागांवर विणले जात होते. तेथला कामगार या लढ्याच्या व्याख्येत नव्हता. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने संपानंतरच्या गिरणगावातल्या घराची पडझड अविस्मरणीय केली. त्या नाटकाचे शीर्षक त्या कुटुंबाइतकेच संघटित कामगाराच्या संकल्पनेलाही लागू पडते.

उत्तराचे धागे अन्यत्र आहेत, आणि त्यांतला एक थेट यवतमाळशी जोडलेला आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. काम मागणाऱ्याला एका मालकाशी बांधून न घेता त्याचा कामाचा हक्क मान्य करणारी ही रचना होती. नाईकांच्याच कारकिर्दीत, १९६९ मध्ये, माथाडी कायदा झाला. रोज वेगळ्या व्यापाऱ्याची पोती वाहणाऱ्या हमालाला ठरावीक मालक नसतो. म्हणून कायद्याने मंडळ निर्माण केले, मालकांची आणि मजुरांची नोंद केली आणि मजुरीवर लेव्ही बसवून निधी उभारला. मालक अनेक आणि लहान असले तरी हक्क एकत्र बांधता येतो, याचा हा महाराष्ट्रातला सिद्ध दाखला आहे. फवारणीच्या मजुराला असे मंडळ असते तर भरपाईचा बोजा एका लहान शेतकऱ्यावर पडला नसता. तो कीटकनाशक, बियाणे आणि कापूस यांच्या साऱ्या व्यापारावर वाटला गेला असता.

यवतमाळचा हा मजूर मागासलेल्या जगाचा अवशेष नाही. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात ज्याला पायाला भिंगरी लावलेला श्रमिक म्हणून पाहिले, आणि आज शहरात मोबाइलवर येणाऱ्या हुकमानुसार दारोदार पार्सल पोचवणारा जो तरुण आहे, त्या दोघांशी त्याचे साम्य गिरणी कामगाराशी असलेल्या साम्याहून अधिक आहे. मोबदला नगावर, मालक अदृश्य, अपघात स्वतःच्या जबाबदारीवर. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराला नाव मिळाले; परंतु त्या व्याख्येतच तो पारंपरिक मालक-कामगार संबंधाच्या बाहेर काम करणारा ठरवला गेला आहे. नाव देता देता नाते नाकारण्याची ही रीत १८८१च्या 'चार महिन्यां'ची आठवण करून देते. कापसाच्या पट्ट्यातल्या मजुराने या रीतीचा अनुभव शतकापूर्वीच घेतला होता, आणि म्हणून त्याचा इतिहास आजच्या श्रमिकाला गिरणी संपाच्या इतिहासाइतकाच, कदाचित अधिक, उपयोगी आहे.

६

या इतिहासाची साधने कोठे आहेत? गिरणगावाला आपले निवेदक मिळाले; नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभर आवाजांतून त्याचा मौखिक इतिहास ग्रंथबद्ध केला (२००४). नागपूरच्या दलित वस्तीतील श्रमाचे जग वसंत मून यांच्या 'वस्ती' (१९९५) या आत्मकथनातून आले. यवतमाळच्या पऱ्हाटीत राबणाऱ्या स्त्रीने लिहिलेले पुस्तक शोधायला गेले तर हाती पटकन काही लागत नाही. पण ती मुकी नव्हती. निंदताना आणि वेचताना गाणी म्हटली जात. ती गोळा झाली आणि 'लोकसाहित्य' या तिसऱ्या नामाखाली ठेवली गेली. तेथे ती कालातीत ठरली. ज्या गीताला काळ नाही त्याला मजुरीचा दरही नसतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे परिसरातून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला त्यात गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव आणि आयुष्य यांना ओवीइतकेच महत्त्व दिले गेले. त्यामुळे त्या ओव्या स्त्रियांच्या श्रमाचा दस्तऐवज म्हणून वाचता येतात. कोलाम, गोंड, बंजारा आणि दलित स्त्रियांच्या कंठातली कापसाच्या रानातली गाणी अशा रीतीने नोंदवण्याचे काम यवतमाळ जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे.

त्यासाठी प्रश्नावलीत थोडाच बदल पुरेसा आहे. गाणे कोणाकडून ऐकले आणि कोणत्या सणाला म्हणतात, हे विचारले जातेच. त्याबरोबर ते कोणाच्या शेतात म्हटले गेले, त्या हंगामात वेचणीचा किलोचा भाव काय होता, वजन कोणी केले आणि पैसे कोणाच्या हाती आले, एवढे विचारून ठेवावे. उत्तरे गाण्याच्या शेजारीच लिहावीत, परिशिष्टात नव्हे.